स्थायी कमिशनची सुरुवात २०२० ची नाही

सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने भारतीय लष्करात स्त्रियांना पहिल्यांदाच स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत अधिकारी म्हणून राहण्याची नेमणूक, मिळाले, असे वारंवार सांगितले जाते. ते खरे नाही. लष्कराच्या वैद्यकीय कोअरने स्त्री डॉक्टरांना नियमित (म्हणजे स्थायी) कमिशन १९५८ मध्येच दिले होते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १९६८ मध्ये सेवेत आलेल्या पुनिता अरोरा २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल होऊन त्याच महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. अल्पसेवा कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या नेमणुकीवर, हा हुद्दा गाठताच आला नसता.

गोंधळाचे मूळ १९९२ मध्ये आहे. त्या वर्षी वैद्यकीय सेवांबाहेर स्त्री अधिकाऱ्यांची भरती सुरू झाली, पण ५ वर्षांपुरती. ही मुदत वाढत १४ वर्षांवर गेली, तरी पेन्शनसाठी लागणारी २० वर्षे भरत नव्हती, आणि कोर्टातला झगडा बराचसा यावरूनच होता. विधी आणि शिक्षण या दोन विभागांत स्थायी कमिशन २००८ मध्ये खुले झाले. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेले आणि त्या निकालाला स्थगिती नसतानाही अंमलबजावणी जवळपास दहा वर्षे रेंगाळली, जे समर्थनीय म्हणता येणार नाही.

२०२० च्या निकालाने पायदळ आणि रणगाडा दलही खुले झाले, ही समजूतही चुकीची आहे. तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.