नेटलोगो की जेड? ‘एजंट’ या एका शब्दाचा घोळ

मल्टि-एजंट सिस्टिमचा, म्हणजे स्वतःहून वागणारे अनेक ‘एजंट’ एकत्र चालवायचा प्रोजेक्ट हाती आला की पुष्कळ विद्यार्थी आधी नेटलोगो हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर उतरवून घेतात. दुपारपर्यंत पडद्यावर लांडगे मेंढ्यांच्या मागे पळू लागतात. मग प्रश्न येतो: यांना आपापसात सौदा कसा करायला लावायचा? घोळ तिथेच आहे. नेटलोगोतला एजंट आणि एजंट बनवायच्या जेड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला एजंट हे फक्त नावाचे भाऊ.

नेटलोगो उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलं. ‘लोगो’ या मुलांच्या भाषेचा हा वंशज, म्हणून यातला फिरता एजंट आजही ‘टर्टल’, म्हणजे कासव. मेंढी असो वा मतदार, कासवच. इथे एकट्या कासवाला फारशी किंमत नाही. हजारभर सोडायची आणि कळपाचं काय होतं ते पाहायचं.

जेडचं काम १९९८ च्या सुमारास इटलीत, टेलिकॉम इटालियाच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. यातला एजंट म्हणजे खरंखुरं काम करणारा जावा प्रोग्रॅम. दोन एजंट दोन वेगळ्या मशीनवर असू शकतात. ‘डीएफ’ नावाच्या यलो पेजेसमध्ये ते आपली सेवा नोंदवतात आणि एजंटांसाठी मानकं ठरवणाऱ्या फिपा या संस्थेच्या प्रमाणित भाषेत निरोप पाठवतात. एकाने निविदा काढायची, बाकीच्यांनी दर भरायचे, मग होकार-नकार कळवायचा, ही सगळी पद्धत आयती मिळते.

खरी मेख मात्र वेळेत आहे. नेटलोगोचं घड्याळ आपल्या हातात असतं. ‘टिक’ म्हटलं तरच ते पुढे सरकतं. ‘आस्क’ म्हटलं की कासवं एकेक करून, यादृच्छिक क्रमाने आपलं काम उरकतात. रँडम सीड, म्हणजे हा यादृच्छिकपणा जिथून सुरू होतो तो आकडा, तोच ठेवला तर तोच खेळ जसाच्या तसा पुन्हा पाहता येतो. संशोधनाला हेच हवं असतं. जेडमध्ये प्रत्येक एजंटचा थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, वेगळा. कुणाचा निरोप आधी पोचेल याची खात्री नाही, त्यामुळे काल चाललेला सौदा आज फसू शकतो. खऱ्या नेटवर्कवर असंच होतं, म्हणून मला ही कटकट उपयोगाचीच वाटते.

जेड घेणाऱ्याने एक सापळा ओळखून ठेवावा. एका एजंटच्या सगळ्या ‘बिहेवियर’, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या कामगिऱ्या, एकाच थ्रेडवर पाळीपाळीने चालतात. एकीत लांबलचक लूप टाकला की बाकीच्या ताटकळतात, आणि पडद्यावर एररही दिसत नाही.