वरळीची दोन ‘नेहरू’ : विज्ञान केंद्र आणि तारांगण यांतला फरक

मे महिन्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांना घेऊन मुंबईला येणाऱ्या कुटुंबांच्या यादीत राणीची बाग, गेटवे आणि चौपाटीसोबत ‘वरळीचे नेहरू’ हेही हमखास असते. या एका नावाखाली वरळीत दोन वेगळ्या संस्था आहेत : नेहरू विज्ञान केंद्र, ज्याला बहुतेक मुंबईकर ‘नेहरू सायन्स सेंटर’ म्हणतात, आणि नेहरू सेंटर या संस्थेचे नेहरू तारांगण. दोन्हींचा विषय विज्ञान, दोन्ही मुलांसाठी प्रसिद्ध आणि दोन्ही नावांत ‘सेंटर’ असल्यामुळे एकाचे वेळापत्रक पाहून दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा प्रसंग बाहेरगावच्या पाहुण्यांवर सहज येतो. म्हणून नियोजनाआधीच एक गोष्ट पक्की करून घ्यावी : विज्ञान केंद्राला वेळ द्यावा लागतो, तर तारांगणाची वेळ पाळावी लागते. दिवसाची आखणी, जेवणाची वेळ, मुलांचे वय, सोबत आजी-आजोबा आहेत की नाहीत, हे सारे प्रश्न या एका फरकाशी येऊन थांबतात.

नेहरू विज्ञान केंद्र हे केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे. १९७७ साली ‘प्रकाश आणि दृष्टी’ या प्रदर्शनाने त्याची सुरुवात झाली, १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात, तिथले मोकळ्या आवारातील विज्ञान उद्यान मुलांसाठी खुले झाले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते संपूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. तारांगण या उद्घाटनाच्या आधीचे आहे. ३ मार्च १९७७ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते सुरू झाले आणि ते चालवणारे नेहरू सेंटर ही स्वतंत्र संस्था आहे. त्यामुळे एका ठिकाणचे तिकीट दुसरीकडे चालत नाही, सुट्टीचे दिवसही वेगळे आहेत.

विज्ञान केंद्रात मुलांनी वस्तूंना हात लावावा अशीच अपेक्षा असते. एरवी संग्रहालयात ‘हात लावू नका’ ऐकून कंटाळलेले मूल इथे खुलते, ते यामुळेच. पाचशेहून अधिक मांडण्यांपैकी बहुतेक दाबून, ओढून, फिरवून किंवा कान लावून पाहायच्या आहेत आणि माहितीफलक मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत असल्याने मराठी शाळेतले मूल आणि परदेशातून सुट्टीला आलेले त्याचे मावसभावंड एकाच खेळासमोर उभे राहू शकतात. कप्प्यांच्या साहाय्याने स्वतःलाच खुर्चीसकट वर ओढण्याच्या खेळाचे उदाहरण घ्या. कप्प्या कमी असलेल्या खुर्चीत बसलेल्या मुलाला दोर ओढताना धाप लागते. अधिक कप्प्यांच्या खुर्चीतील धाकटी बहीण मात्र अलगद वर जाते, परंतु तेवढीच उंची गाठायला तिला बराच जास्त दोर ओढावा लागतो. जोर वाचला तर अंतर वाढते, ही गोष्ट सहावीच्या ‘साधी यंत्रे’ या धड्यात वाक्याच्या रूपात भेटते. इथे ती दंडाला कळते. मात्र ती कळण्यासाठी मुलाने दोन्ही खुर्च्यांत बसायला हवे, आधी रांगेत थांबायला हवे आणि ‘असं का झालं?’ असे विचारायला घरातल्या मोठ्या माणसाने शेजारी असायला हवे. एवढ्यासाठीच विज्ञान केंद्राला किमान तीन-चार तास राखून ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तासाभरात ‘उरकून’ बाहेर पडलेल्या मुलांनी बटणे दाबलेली असतात, एवढेच.

आवारात उभ्या असलेल्या मोठ्या वस्तूंकडे मुलांचे लक्ष आपोआप जाते, तरी त्यांची गोष्ट सांगायला कुणीतरी हवे. वाफेचे रेल्वे इंजिन आणि जुनी ट्राम तिथे आहे. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, त्यामुळे सत्तरीपलीकडच्या आजी-आजोबांपैकी कुणी मुंबईत वाढले असेल तर इथे सूत्रे त्यांच्या हाती द्यावीत. १९६१ साली पहिल्यांदा उडालेले, भारतातच विकसित केलेले पहिले जेट लढाऊ विमान ‘मरुत’ हेदेखील याच आवारात पाहायला मिळते.

तारांगणाची रीत याच्या उलट आहे. तिथे हाताला काम नाही, डोळ्यांना आणि कानांना आहे. ठरलेल्या वेळी दार बंद होते, दिवे मंदावत जातात आणि घुमटाच्या आतल्या बाजूवर आकाश उमटते. सुरुवातीला हे काम कार्ल झाइस कंपनीचे प्रकाशयंत्र करीत असे. २००३ साली तिथे डिजिटल प्रक्षेपण यंत्रणा आली आणि ताऱ्यांच्या स्थितीसोबत ग्रहांजवळून प्रवास केल्याचा भास घडवणेही शक्य झाले. खेळ मराठी, हिंदी आणि इंग्रजीत वेगवेगळ्या वेळी असतात, म्हणून ‘दुपारी केव्हातरी जाऊ’ हे इथे चालत नाही. आधी भाषा ठरवावी, मग त्या भाषेच्या खेळाची वेळ आणि मग उरलेला दिवस. उशिरा आलेल्याला अंधारात आत सोडणे सगळ्यांच्याच रसभंगाचे असते, हे मुलांनाही आधीच सांगून ठेवावे.

मुंबईतल्या मुलाला तारांगणाची गरज अधिक आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शहराच्या उजेडात त्याला रात्री मोजके ठळक तारे दिसतात आणि नक्षत्र म्हणजे पंचांगातला शब्द एवढीच त्याची ओळख असते. त्याउलट विदर्भातल्या किंवा कोकणातल्या गावाहून आलेल्या मुलाने काळोखे आकाश अंगणातून पाहिलेले असते; त्याला तारांगणात मिळते ती नावांची आणि अंतरांची ओळख. मे महिन्याच्या संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी उंचावर असतात, त्यांच्या शेपटीची कमान पुढे वाढवत नेली की नारिंगी छटेची स्वाती आणि तिच्यापुढे चित्रा सापडते, पश्चिमेकडे मघा असते आणि रात्र चढू लागली की आग्नेयेला वृश्चिकाची नांगी वर येते. ही ओळख मुक्कामाच्या घराच्या गच्चीवर त्याच रात्री ताडून पाहता येते.

घोटाळा केवळ नावाचा असता तर एवढे लिहावे लागले नसते. विज्ञान केंद्रातही ‘सायन्स ओडिसी’ नावाचे घुमटाकार पडद्याचे चित्रपटगृह आहे, त्यामुळे तिथला चित्रपट पाहून आलेले कुटुंब ‘तारांगण झाले’ असे समजते. तो मोठ्या पडद्यावरचा विज्ञानपट असतो आणि त्याची जागा वेगळी. आकाश ओळखायला शिकवणारा खेळ हवा असेल, तर नेहरू सेंटरच्याच घुमटाखाली बसायला हवे. दुसरा घोटाळा फोनवर शोधताना होतो. दिल्लीतही १९८४ साली सुरू झालेले नेहरू तारांगण आहे आणि राकेश शर्मा यांच्या मोहिमेशी निगडित सोयूझ अवकाशयानाची कुपी तिथे आहे, वरळीत नाही. शोधताना ‘वरळी’ हा शब्द घातला की वेळापत्रकही योग्य ठिकाणचे मिळते आणि कुपी पाहायची आस धरलेल्या मुलाची निराशाही टळते.

नेहरू सेंटरच्या इमारतीत ‘भारत एक खोज’ या कल्पनेवरचे चौदा दालनांचे इतिहासाचे कायम प्रदर्शनही आहे. ते खुले असल्याची खात्री करून आठवी-नववीच्या मुलांनी जरूर पाहावे. लहानांना मात्र चौदा दालने फार होतात.

रस्त्याचे म्हणाल, तर नकाशावर या दोन जागा शेजारी वाटतात, पण त्यांची प्रवेशद्वारे वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत : विज्ञान केंद्राचे डॉ. ई. मोझेस मार्गावर, तारांगणाचे डॉ. अॅनी बेझंट मार्गावर. टॅक्सीवाल्याला नुसते ‘नेहरू सेंटर’ सांगण्याऐवजी ‘सायन्स सेंटर’ किंवा ‘तारांगण’ असे सांगून सोबत रस्त्याचे नाव घ्यावे. लोकलने येणाऱ्यांना पश्चिम रेल्वेचे महालक्ष्मी स्थानक दोन्हींसाठी सोयीचे पडते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागल्यापासून या मार्गावर ‘सायन्स सेंटर’ हे स्थानकच झाले आहे. नावाप्रमाणे ते विज्ञान केंद्राजवळचे आहे, हे तारांगणाला निघालेल्यांनी ध्यानात ठेवावे.

मुंबईचा मे महिना उन्हापेक्षा दमटपणाने थकवतो. विज्ञान उद्यान आणि बाहेरच्या वस्तू सकाळी दार उघडताच पाहून घ्याव्यात आणि ऊन चढल्यावर आतील दालनांत जावे. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी करायची असतील तर सकाळ विज्ञान केंद्राला द्यावी, निवांत जेवण करावे आणि दुपारचा खेळ तारांगणात पाहावा. दमलेले मूल बसून पाहू शकते, पण बसून कंटाळलेल्या मुलाकडून नंतर चार तास प्रयोग होत नाहीत. दहा वर्षांखालील मुले बरोबर असतील तर मी दोन वेगळे दिवसच सुचवीन. अंधाराला घाबरणारे अगदी लहान बाळ सोबत असेल, तर एका पालकाने तारांगणाच्या खेळाला बाहेर थांबण्याची तयारी ठेवावी.

भेट मेच्या मध्यावर ठरत असेल, तर १५-१६ मेच्या सुमारास मुंबईत येणारा शून्य सावलीचा दिवस जरूर गाठावा. त्या दुपारी साधारण साडेबाराच्या पुढे पाच मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली दडते. पुण्यात हा दिवस दोन-तीन दिवस आधी येतो, नागपुरात मेच्या अखेरीकडे. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तिथे तो कधीच येत नाही. सावली का नाहीशी झाली, याचे उत्तर मुलांना तारांगणात आकाश फिरताना पाहून अधिक लवकर उमगते, म्हणून त्या दिवसाच्या आधी तारांगण आणि नंतर विज्ञान केंद्र असा क्रम लावणे चांगले. तो दिवस सोमवारी आला तर तारांगण शनिवारी किंवा रविवारीच उरकावे, कारण सोमवारी ते बंद असते.