फॅन बेल्ट किंचाळतो, टायमिंग बेल्ट नाही

सकाळी गाडी चालू केली की कुईं-कुईं आवाज येतो, म्हणजे टायमिंग बेल्ट गेला का? हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता नीट लिहूनच टाकतो. नाही. तो फॅन बेल्ट आहे.

फॅन बेल्ट तुमच्या ओळखीचा. बॉनेट उघडलं की दिसतो, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, वॉटर पंप त्याच्यावर असेल तर इंजिन तापतं. गाडी बाजूला घ्या, नवा टाका, झालं.

टायमिंग बेल्ट असतो कव्हरच्या आत. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेऱ्यांत कॅमची (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या झडपा उघडणारा दांडा) बरोबर एक फेरी व्हायला हवी, ती त्याची जबाबदारी. आता खरा घोळ कुठे होतो ते बघा. किंचाळणारा आवाज घसरण्याचा असतो. फॅन बेल्ट नुसत्या पकडीवर चालतो. सैल झाला, ओला झाला की पुलीवर घसरतो आणि ओरडतो. टायमिंग बेल्टला दात असतात, ते पुलीच्या खाचांत बसतात. तो घसरत नाही. एकतर दात सुटून पुढच्या खाचेत जातो, नाहीतर सरळ तुटतो. त्या बाजूने घरघर आलीच तर बहुधा टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा वॉटर पंपाची बेअरिंग बोलत असते. म्हणून 'आवाज नाही, म्हणजे बेल्ट ठीक' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

एक दात सरकला तरी गाडी चालते, पण जागेवर थरथरते, पिकअप पडतो, आणि लोक प्लग बदलत बसतात. पूर्ण तुटला तर इंजिन चालता चालता गप्प होतं. सेल्फ मारला की स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, सुसाट फिरतो, कारण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) उरलेलं नसतं. तिथेच थांबा! बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. ३००० आरपीएमला (मिनिटाला क्रँकच्या ३००० फेऱ्या) प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. इतक्या वेगात आदळलेले व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावं लागतं. पुन्हा पुन्हा सेल्फ मारून त्यात भर घालू नका.

कव्हर काढून 'रबर छान दिसतंय, अजून चालेल' म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. आतले काचतंतूंचे दोर थकलेले वरून दिसत नाहीत. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरा. कमी चाललेल्या गाडीचा बेल्ट वर्षांवर जातो.

तुमच्या इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल तर बेल्ट बदलण्याचं हे सगळं सोडून द्या. फोर्डच्या सुरुवातीच्या १.० लिटर इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत मात्र बेल्ट ऑइलमध्येच भिजलेला असतो. तिथे ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं, कारण चुकीच्या ऑइलने रबर झिजतं आणि त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो.

बदलताना नुसता बेल्ट टाकू नका. टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) आणि त्याच बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपही घ्या. कोरड्या बेल्टच्या इंजिनात क्रँकचं किंवा कॅमचं सील गळत असेल तर तेही त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर ऑइल लागून नवा बेल्टही लवकर खराब होतो.