वायफायच्या जाळ्यात जवळची वाट कोणती?

मेश जाळ्यात तुमचा मेसेज एका राउटरकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असा हातोहात पुढे जातो. पुढचा हात कोणाचा, हे प्रत्येक राउटर दुव्यांच्या ‘किमती’ बघून ठरवतो. ही किंमत कशी काढायची ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आधीच ठरवून दिलेलं असतं, आणि सेटिंगमध्ये शिरून ते बदलणारी माणसं फार थोडी. त्यामुळे डीफॉल्ट चुकलं की बहुतेकांसाठी ते चुकलेलंच राहतं.

सगळ्यात सोपा हिशेब टप्पे मोजण्याचा. 2003 साली आरएफसी 3626 म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) प्रसिद्ध झालेला ओएलएसआर प्रोटोकॉल, म्हणजे वाट ठरवायची नियमावली, तसाच चालायचा. तारेच्या जाळ्यात ते खपून जातं; तार एक तर जोडलेली असते, नाहीतर नसते. वायफायचा बराचसा कारभार मात्र अधलामधला. टप्पे कमी हवेत तर प्रत्येक टप्पा लांबचा हवा, आणि लांबचा दुवा म्हणजे जेमतेम ऐकू येणारा. टप्पे मोजणारा राउटर दर्जाकडे दुर्लक्ष करतो एवढंच नाही, तर मोडके दुवे नेमके वेचून काढतो! थेट गाडीच हवी म्हणून दोन तास स्टँडवर बसून राहावं, तशातला प्रकार. मधे एकदा गाडी बदलली असती तर केव्हाच घरी पोचलो असतो.

यावर त्याच वर्षी एमआयटीतल्या डग्लस डी कूटो, रॉबर्ट मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ईटीएक्स’ हे माप मांडलं. एक पॅकेट, म्हणजे मेसेजचा एक छोटा तुकडा, पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल, एवढंच ते विचारतं. प्रत्येक राउटर ठरावीक वेळाने छोटं चाचणी-पॅकेट सोडतो आणि शेजाऱ्याची किती ऐकू आली ते मोजून त्याला कळवतो. वायफायमध्ये पॅकेट पोचून भागत नाही, त्याची पोचही परत यावी लागते. म्हणून जाण्याची आणि येण्याची शक्यता एकमेकींनी गुणायची आणि 1 ला त्या गुणाकाराने भागायचं. दोन्ही बाजूंनी निम्मी पॅकेटं गळणारा थेट दुवा घ्या: 1 भागिले 0.25, म्हणजे 4. दर दहात एकच गळणारे दोन टप्पे घ्या: प्रत्येकी सुमारे 1.23, मिळून 2.47. लांबची वाट स्वस्त पडली.

पण ईटीएक्सला वेग कळत नाही. चाचणीची पॅकेटं लहान असतात आणि सगळ्यांना ऐकू जावीत म्हणून बहुधा सर्वांत कमी वेगाने पाठवली जातात. सावकाश बोललेलं दूरवर समजतं, घाईत बोललेलं नाही, त्यामुळे चाचणी पास आणि खरा डेटा नापास असं होतं. दुसरं म्हणजे, 6 मेगाबिटचा एक निर्दोष टप्पा ईटीएक्सच्या लेखी 1 आणि 54 मेगाबिटचे दोन निर्दोष टप्पे 2. प्रत्यक्षात 1,500 बाइटचं पॅकेट हवेत पहिल्या वाटेने 2 मिलिसेकंद घेतं आणि दुसरीने अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी (वरकड खर्च सोडून). 2004 साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या रिचर्ड ड्रेव्हस, जितेंद्र पाध्ये आणि ब्रायन झिल यांनी म्हणूनच वेगही हिशेबात घेतला. 2011 च्या 802.11एस या वायफाय मेशच्या मानकात तर हवेत लागणारा वेळ हेच डीफॉल्ट माप आहे. 8,192 बिटांची चाचणी-चौकट पाठवायला किती वेळ जाईल, ही दुव्याची किंमत.

मग सगळीकडे हेच का नको? वेग सांगायचा कोणी, ही अडचण. तो वायफायच्या ड्रायव्हरकडून, म्हणजे वायफायची चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मिळतो, आणि दुवा रिकामा असला तर ड्रायव्हरकडचा आकडा शिळा असतो. बॅटमॅन या मेशच्याच प्रोटोकॉलच्या पाचव्या आवृत्तीत म्हणून रिकाम्या दुव्यावर मुद्दाम थोडी पॅकेटं पाठवून आकडा ताजा करून घेतात. जाळ्यातल्या निम्म्या जुन्या राउटरांना वेग सांगताच येत नसेल, तर मला ईटीएक्सच बरा वाटतो.

माप फार हुशार असण्यातही धोका आहे. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटने 1979 साली प्रत्यक्ष उशीर मोजून वाट ठरवायला सुरुवात केली. गर्दी वाढली की सगळी वाहतूक एका तारेवरून दुसरीवर उडी मारायची, दुसरी तुंबली की परत पहिलीवर. 1987 साली माप बदललं आणि तुंबलेल्या तारेची किंमत रिकाम्या तारेच्या तिपटीपलीकडे जाऊ द्यायची नाही असं ठरलं. थोडं मंद केल्यावरच जाळं सुधारलं.

तार आणि वायफाय दोन्हींवर वाट ठरवणाऱ्या बेबल प्रोटोकॉलचं डीफॉल्ट मला सगळ्यात समंजस वाटतं. तार असेल तर मोजमापाचा फारसा घोळ न घालता किंमत 96. वायफाय असेल तर ईटीएक्स, आणि निर्दोष दुव्याची किंमत 256. म्हणजे तारेचे दोन टप्पे (192) वायफायच्या एका उत्तम टप्प्यापेक्षा स्वस्त, तीन (288) महाग. फक्त गच्चीवरचा अँटेनावाला डबा केबलने राउटरला जोडला असेल, तर राउटरला समोर केबलच दिसते आणि पावसात अर्धी पॅकेटं गाळणारा दुवाही 96 च्या भावाने खपतो. तिथे मात्र सेटिंगमध्ये जाऊन ‘हा वायफाय आहे’ असं स्वतःच लिहावं लागतं.