प्रौढ कुमारिका (मराठी कथा-कादंबरीतील)

लग्नाचे वय उलटून गेलेली, बहुधा शिकलेली आणि मिळवती नायिका, आणि तिचे कुठेतरी जमावे म्हणून तिच्या मागे लागलेले घर, या दोहोंतील ओढाताणीतून उभा राहिलेला मराठी साहित्यातील विषय. पुण्याच्या मध्यमवर्गाशी त्याचे नाते विशेष घट्ट आहे.

एकोणिसाव्या शतकातील कादंबरीला ही नायिका सुचणे शक्यच नव्हते. मुलींची लग्ने परकर नेसण्याच्या वयात उरकत. त्यामुळे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) प्रश्न येतो तो विधवेचा, आणि हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः लिहिलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये बालवधू होऊन पुढे विधवा झालेल्या यमूचा. ‘मला लग्न करायचे आहे का?’ असे मुलीने स्वतःला विचारायचे, तर आधी तिला तेवढे वय मिळायला हवे होते. ते मिळाले शाळा-कॉलेजांमुळे: पुण्यातील हुजूरपागा, हिंगण्याचा आश्रम, १९१६ साली महर्षी कर्वे यांनी काढलेले महिला विद्यापीठ. शारदा कायद्याने (१९२९) घातलेली किमान वयाची अट अवघी चौदा वर्षांची होती. पदवी घेईपर्यंत थांबलेली मुलगी त्याच्या कितीतरी पुढे गेलेली होती.

विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने (१९३३) या मुलींची घुसमट उघड्यावर आणली आणि मोठी खळबळ माजली. या टोपणनावामागच्या मालती बेडेकर कर्वे यांच्याच संस्थेत शिकलेल्या. पुस्तक कथासंग्रह असले, तरी पुढच्या कादंबऱ्यांची वाट त्याने मोकळी केली. बापाच्या संसाराचा भार ओढणाऱ्या मिळवत्या मुलीचे दुःख त्यात आहे. मुलीचे लग्न अडते ते हुंड्यापायी किंवा रूपापायी, असे मानणाऱ्या वाचकाला तिच्या पगारापायीही ते अडू शकते, हे पचणे जडच गेले असणार.

स्वातंत्र्यानंतर सूर बदलला. कमल देसाई (१९२८–२०११) यांच्या एकट्या बायका लग्नापेक्षा फार मोठ्या गोष्टींशी झुंजतात. कर्वे यांची नात असलेल्या गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांनी लग्न आतून तपासले. त्यांच्या नायिका अविवाहित असतातच असे नाही, पण ‘नवऱ्यावाचून मी कोण?’ हा प्रश्न त्या टाळत नाहीत.

या कथानकाचा खरा कस लागतो तो खलपुरुष नसलेल्या घरात. आई वाईट नसते. ती फक्त ‘आमच्यामागे तुझं कसं होणार?’ असे विचारते, आणि या एका वाक्यापुढे नायिकेचे सगळे वाचन थिटे पडते. कांदेपोह्यांचा कार्यक्रम, मंगळ, छत्तीस गुण, ‘यंदा कर्तव्य आहे’ हे सगळे विनोदासाठी इतके वापरून झाले आहे की त्यातला बोचरेपणा आता लेखकाला नव्याने शोधावा लागतो. तो सापडतो विवाह मंडळात दिलेल्या माहितीपत्रकात. वर श्रीगणेशाय नमः, खाली जन्मवेळ, रास, नाडी, उंची, ‘वर्ण गव्हाळ’, मामांचे आडनाव आणि शेवटी ‘अपेक्षा’. पंचविशीत त्या रकान्यात ‘उच्चशिक्षित, निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ असते. पस्तिशीत तिथे ‘घटस्फोटित चालेल, विनापत्य विधुर चालेल’ असे येते, आणि ते लिहिणारा हात बरेचदा वडिलांचा असतो.

स्वतःला स्वीकारल्याची खूण म्हणून नायिकेने मूल दत्तक घेण्याचा शेवटही सोयीचा असतो. अविवाहित हिंदू स्त्रीला ती मुभा १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेच आहे. गंमत म्हणजे विवाहितेला स्वतःच्या नावावर दत्तक घेता येऊ लागले ते २०१० च्या दुरुस्तीनंतर.

घराच्या वाटणीकडे मात्र कादंबरीने अधिक रोखून पाहायला हवे. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीने, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला, विवाहित मुलींसह. पेठेतला वाडा बिल्डरकडे जातो तेव्हा आईवडिलांचे दुखणे-खुपणे काढत तिथेच राहिलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ते घेऊन येणारा भाऊ बरेचदा तोच असतो, ज्याने तिच्यासाठी सर्वांत जास्त स्थळे आणलेली असतात.