पार्श्वभूमी : ‘अटोनल’ म्हटली जाणारी जर्मन गीते आणि त्यांची ध्वनिमुद्रणे

व्हिएन्नाचा संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गने १९०८-०९ मध्ये जर्मन कवी श्टेफान गेओर्गेच्या पंधरा कवितांना दिलेले संगीत (ऑपस, म्हणजे रचना-क्रमांक, १५), त्याच सुमारास त्याचा शिष्य वेबर्नने त्याच कवीच्या शब्दांवर रचलेली प्रत्येकी पाच गीतांची दोन पुस्तके आणि दुसरा शिष्य बेर्गच्या ऑपस २ मधली चार गीते, एवढा ऐवज एका सीडीत सहज मावतो. सोप्रानो (उंच स्वरांत गाणारी गायिका) आणि पियानो अशी जोडी या काळाचे ध्वनिमुद्रण हाती घेते तेव्हा निवड बहुधा यातूनच होते, आणि वेष्टनावर ‘अटोनल’ (ठरलेली पट्टी नसलेले) हा शब्द जवळपास ठरलेला असतो. या गीतांचे सर्वाधिक नुकसान याच शब्दाने केले आहे.

शोनबर्गला तो कधीच मान्य नव्हता. आपल्या ‘हार्मोनीलेर’ या स्वरमेळांवरच्या ग्रंथाच्या १९२२ च्या आवृत्तीत त्याने तो फेटाळला. स्वरांशी काहीच संबंध नसलेले संगीत असा त्याचा अर्थ होतो आणि असे संगीत असूच शकत नाही, हा त्याचा मुद्दा होता; नावच हवे असेल तर ‘पॉलिटोनल’ (अनेक पट्ट्यांचे) किंवा ‘पॅनटोनल’ (सर्व पट्ट्यांचे) म्हणा, असे त्याने सुचवले. उडण्याला ‘न पडण्याची कला’ म्हणण्यातला प्रकार आहे हा, अशी टरही त्याने उडवली. बेर्गने १९३० मध्ये व्हिएन्ना रेडिओवर याच शब्दावर एक संवाद सादर केला आणि विरोधकांनी शिवीसारखे वापरलेले हे लेबल असल्याचे दाखवून दिले. तरीही शब्द टिकला, कारण तो सोयीचा होता.

मराठीत हा गुंता आणखी वाढतो. ‘अस्वर’ म्हटले तर शोनबर्गने ज्यावर आक्षेप घेतला नेमका तोच अर्थ होतो, आणि ‘बेसूर’ तर सरळ चूक आहे, कारण इथे प्रत्येक स्वर नेमका लिहिलेला असून तो नेमकाच लागावा लागतो. ‘षड्जहीन’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, पण तोही फसवा आहे : आपला षड्ज तानपुऱ्यावर मैफलभर अढळ असतो, तर युरोपीय रचनेत पट्टी एकाच गाण्यात अनेकदा बदलते आणि शेवटी घरी परतते. या गीतांनी सोडले ते हे घरी परतणे. तेही एका रात्रीत सुटलेले नाही. १९०८ च्या ज्या दुसऱ्या चतुष्टकात (चार तंतुवाद्यांच्या रचनेत) शोनबर्गने सोप्रानोला गेओर्गेच्या ओळी गायला दिल्या आणि जिथून नव्या युगाची सुरुवात मोजतात, त्याचा शेवट एफ शार्प मेजरच्या स्वच्छ मेळावर होतो. बेर्गच्या चार गीतांपैकी पहिल्या तिघांवर पट्टीची खूण छापलेली आहे, चौथ्यावर नाही.

१९०८ च्या उन्हाळ्यात शोनबर्गची पत्नी एका तरुण चित्रकारासोबत काही काळ निघून गेली होती, आणि त्या धक्क्यातून हे संगीत जन्मले असे हटकून सांगितले जाते. पण ऑपस १५ मधली काही गीते त्याच वर्षीच्या वसंतात, म्हणजे त्याआधीच लिहून झाली होती. शब्दांशी शोनबर्गचे नातेही इतके सरळ नव्हते. कवितेच्या आरंभीच्या शब्दांच्या नादातच गाणे पुरे केले आणि पुढचे शब्द काय सांगतात याकडे फारसे पाहिलेही नाही, असे त्याने १९१२ मध्ये स्वतः लिहिले आहे.

ऑपस १५ चा पहिला प्रयोग १४ जानेवारी १९१० रोजी व्हिएन्नात झाला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर जर्मनीत या संगीताची दारे बंद झाली. जुन्या तबकड्यांची एक बाजू चारपाच मिनिटांत संपे. अर्ध्या तासाची अखंड गीतमाला तिच्यावर तुकड्यातुकड्यांनीच उतरली असती. १९४८ मध्ये लाँगप्ले आली आणि ही अडचण मिटली. १९५७ मध्ये वेबर्नचे जवळजवळ समग्र संगीत चार लाँगप्लेंच्या संचात निघाले. साठच्या दशकात एका विख्यात कॅनेडियन पियानोवादकाने ऑपस १५ एका मेझो-सोप्रानोसोबत (सोप्रानोहून थोड्या खालच्या आवाजाच्या गायिकेसोबत) ध्वनिमुद्रित केले. छापील प्रतीवर सोप्रानो अपेक्षित असला, तरी बराचसा भाग मधल्या आणि खालच्या सप्तकात असल्याने मेझो गायिकांनी ही गीते आपलीशी केली, आणि माझ्या मते ते बरेच झाले.

मैफलीच्या सभागृहापेक्षा मायक्रोफोन या गीतांना अधिक मानवतो, हे कागदावरही दिसते. ऑपस १५ च्या पहिल्या गीताच्या आरंभी पियानो एकटाच, खालच्या सप्तकात, अगदी हळू, बव्हंशी एकेकच स्वर घेत चालतो. गायिकेला त्यातून ‘सा’ मिळत नाही. काळी दोन की पांढरी चार असे विचारायची सोयच नाही, आपला स्वर तिने आधीच मनात धरून ठेवायचा असतो. शेवटच्या गीतात रात्र ढगाळ आणि उकाड्याची आहे, एवढे सांगून तिचे शब्द संपतात, आणि पुढचा बराच वेळ पियानो एकटाच वाजत राहतो. ध्वनिमुद्रणात तेवढा वेळ तिने उघड्या मायक्रोफोनसमोर पान न उलटता, श्वासही ऐकू येऊ न देता उभे राहायचे असते.