मादागास्कर : समुद्राकडे पाठ करून बसलेलं बेट

नकाशात मुंबईपासून विषुववृत्तापर्यंत जेवढं अंतर आहे, तेवढंच विषुववृत्ताच्या पलीकडे मोजलं की साधारण एकोणिसाव्या दक्षिण अक्षांशावर अंतानानारिव्हो हे शहर लागतं. ही मादागास्करची राजधानी. तिथले लोक तिला 'ताना' म्हणतात. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या या देशाची राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर, डोंगरावर वसलेली आहे आणि तिथून कुठल्याही बाजूच्या समुद्राकडे जायचं तर घाटरस्त्यांवर दिवस मोडतो. नैऋत्य किनाऱ्यावरच्या तोलियारापर्यंत जाणारा 'राष्ट्रीय मार्ग ७' जेमतेम साडेनऊशे किलोमीटरचा आहे, तरी अनुभवी माणसं त्याला दोन-तीन दिवस धरून चालतात. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत यावर 'रस्ते खराब आहेत' एवढंच लिहिलेलं असतं. मला ते फार अपुरं वाटतं. या रस्त्यांना इतिहास आहे, आणि तो कळल्यावाचून हे बेट नीट कळत नाही.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ यांच्यानंतरचं हे जगातलं चौथं मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दोन महाराष्ट्र. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत लांबी दीड हजार किलोमीटरहून अधिक. आफ्रिकेचा किनारा मोझांबिकच्या सामुद्रधुनीपलीकडे चारशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे आपण हे बेट सहज आफ्रिकेच्या खात्यात टाकतो. भूगर्भाचा हिशेब मात्र वेगळा आहे. गोंडवन हा महाखंड फुटला तेव्हा मादागास्कर आफ्रिकेपासून सुटलं ते सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वी, आणि त्या वेळी भारत त्याला चिकटलेला होता. भारताची पश्चिम बाजू आणि मादागास्करची पूर्व बाजू सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकत्र होत्या. उडुपीजवळ माल्पेच्या समोर सेंट मेरी नावाची छोटी बेटं आहेत. तिथले षट्कोनी खांबांसारखे दगड हे त्याच ताटातुटीच्या वेळच्या ज्वालामुखीचे. योगायोग असा की मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरही सेंट मेरी नावाचं एक बेट आहे. ते पुढे येईलच. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण यानंतरचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला मादागास्करची रचना चटकन समजते, फक्त ती उलटी करून पाहावी लागते. तिथला उभा कडा पूर्वेकडे आहे. हिंदी महासागरावरून येणारे व्यापारी वारे त्याला आदळतात आणि पूर्व किनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कड्याच्या माथ्यावर पठार, आणि पश्चिमेला हळूहळू उतरत जाणारा कोरडा प्रदेश. नैऋत्येला तर पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होतो आणि काटेरी झुडपांचं रान सुरू होतं. आपला माणदेश जसा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत पडला, तसंच हे.

इतकी वर्षं एकटं राहिल्यामुळे इथली जीवसृष्टी अगदी वेगळी झाली. लेमर म्हणजे माकडांचे दूरचे भाईबंद. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून बहुधा वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावरून इथे पोचले. माकडं आलीच नाहीत, म्हणून लेमरांना मोकळं रान मिळालं आणि आज त्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत. वसईला किंवा मुंबईत दिसणारी गोरखचिंच ही आफ्रिकेतली जात. तिच्या भाईबंदांपैकी सहा जाती फक्त मादागास्करमध्ये उगवतात. मोरोंदावाजवळच्या ज्या प्रचंड झाडांच्या रांगेचे फोटो सगळीकडे दिसतात, त्या झाडांची जात यांतलीच एक.

पण मराठी वाचकाला या बेटाची खरी ओळख आधीच आहे, फक्त नावानिशी नाही. आपला गुलमोहर मादागास्करचा आहे. वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८२०च्या दशकात तिथल्या पूर्व किनाऱ्यावर आढळला. तिथून तो मॉरिशसला गेला, आणि मग एकोणिसाव्या शतकातच मुंबईसकट साऱ्या उष्ण प्रदेशात पसरला. ज्या झाडाखाली आपण एसटीची वाट पाहिली, ज्याच्यासाठी साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो, त्याचं माहेर या बेटाच्या कोरड्या पानझडी जंगलात आहे. अंगणातली सदाफुलीही तिथलीच. तिच्यापासून विन्क्रिस्टिन आणि विन्ब्लास्टिन ही रक्ताच्या कर्करोगावरची औषधं मिळाली. बालरोग्यांच्या वॉर्डात ही औषधं किती प्राण वाचवतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मी या बेटाचं मोल वेगळं काय सांगणार!

आता माणसांकडे. इथे सर्वांत चकित करणारी गोष्ट ही की चारशे किलोमीटरवरच्या आफ्रिकेची भाषा या बेटावर रुजली नाही. इथल्या मालागासी भाषेची सर्वांत जवळची नातलग बोर्निओच्या दक्षिण भागात, बारितो नदीच्या खोऱ्यात बोलली जाणारी मान्यान ही भाषा. मधे सहा-सात हजार किलोमीटरचा महासागर आहे. डच खलाशी फ्रेडरिक द हाउटमन याने १६०३ साली एकाच पुस्तकात मलय आणि मालागासी या दोन्ही भाषांचे शब्द छापले होते. मान्यानशी असलेलं नेमकं नातं नॉर्वेजियन अभ्यासक ओटो क्रिस्तियन दाल यांनी १९५१ साली दाखवून दिलं. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात, बाजूला तोल सांभाळणारा दांडा लावलेल्या होड्यांतून ही माणसं आली. भात, नारळ, सुरण-अळूसारखे कंद यांची शेती त्यांना ठाऊक होती. नंतर आफ्रिकेतून बांटू भाषक आले, गुरं आली. गाईबैलांना मालागासीत 'ओंबी' म्हणतात आणि हा शब्द स्वाहिलीच्या 'न्गोंबे'वरून आला. गुरं मात्र वशिंडाची, मूळ आपल्या उपखंडातल्या जातीची. आफ्रिका करून ती इथे पोचली.

अरब व्यापाऱ्यांनी वार दिले. मंगळवार 'तलाता', शुक्रवार 'झुमा'. तो आपल्याकडचाच जुम्मा. आणि संस्कृतही इथे पोचलेली आहे, मलय-जावा मार्गे. मालागासीत एक लाखाला 'हेत्सी' म्हणतात. तो शब्द 'केती'वरून आला आणि 'केती' आपल्या 'कोटी'वरून. वाटेत किंमत कमी झाली, पण शब्द टिकला! आकडे सांगतानाही तिथे आधी एकक येतो. एकवीस म्हणजे 'विसावर एक', आणि उच्चारताना एक आधी. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही.

पठारावर या लोकांनी दलदलीच्या खोऱ्यांत बांध घालून भाताची खाचरं केली. आज दिवसातून तिन्ही वेळा भात खाणारी घरं आहेत. भात शिजवून झाल्यावर तळाला लागलेल्या खरवडीत पाणी घालून ते उकळतात आणि जेवताना तेच पितात. त्याला 'रानोव्होला' म्हणतात, 'रुपेरी पाणी'. पठारावर पाहुणा म्हणून बसलात तर ते पुढे येईल, नाकारू नका.

युरोपीय लोक आले ते भारताच्या वाटेवर. १५०० साली काब्रालच्या ताफ्यातला, भारताकडे निघालेला पोर्तुगीज कप्तान दियोगो दियास वादळात भरकटून इथे पोचला. फ्रेंचांनी १६४३ साली आग्नेय टोकाला फोर-दोफँ वसवलं, पण ते १६७४ला सोडावं लागलं. त्यानंतर सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या दुसऱ्या सेंट मेरी बेटावर चाच्यांनी तळ ठोकला, आणि याचे पडसाद थेट आपल्या इतिहासात उमटले. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं 'गंज-इ-सवाई' हे बादशाही जहाज लुटलं. तेव्हा औरंगजेब दख्खनेत मराठ्यांशी झुंजत होता. त्याने सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकलं. पुढे १६९८ साली विल्यम किडने मलबारच्या समुद्रात धरलेलं 'केदा मर्चंट' हे जहाज याच सेंट मेरीला नेलं. मादागास्कर आणि भारत यांच्यातला समुद्र त्या काळी किती वर्दळीचा होता, हे यावरून दिसतं.

आता रस्त्यांकडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मध्य पठारावरच्या इमेरिना राज्याचा राजा आंद्रियानाम्पोइनिमेरिना याने विखुरलेली राज्यं एकत्र केली. 'समुद्र हीच माझ्या भातखाचराची हद्द' हे त्याचं वाक्य तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. त्याचा मुलगा पहिला रादामा याने १८१७ साली ब्रिटिशांशी तह करून गुलामांची निर्यात थांबवायचं कबूल केलं. बदल्यात बंदुका, कवायत शिकवणारे आणि मिशनरी आले. मालागासी रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली ती तेव्हा. आणि याच रादामाच्या नावावर सांगतात की आपले दोन सेनापती कधी हरणार नाहीत : 'हाझो' आणि 'ताझो', म्हणजे जंगल आणि ताप. पूर्वेच्या कड्यावरचं घनदाट रान आणि किनाऱ्यावरचा हिवताप हीच राजधानीची तटबंदी होती. म्हणून किनाऱ्यापासून वर येणारा गाडीरस्ता या राजांनी मुद्दामच होऊ दिला नाही. माणसं 'फिलांझाना' नावाच्या डोलीतून, चार भोयांच्या खांद्यावर प्रवास करत. माल हमालांच्या पाठीवरून जाई. आपल्याकडे डोंगरी किल्ल्यांच्या वाटा अवघड ठेवत, त्यामागचा विचार याहून वेगळा नव्हता.

ताझोने आपलं काम चोख केलं. १८९० साली ब्रिटनने झांझिबारच्या बदल्यात मादागास्करवरचा फ्रेंचांचा हक्क मान्य केला. त्या बेटावरच्या माणसांना कोणी विचारलं नाही. १८९५ साली सुमारे १५ हजारांची फ्रेंच फौज वायव्येच्या माहाजांगाला उतरली. तिच्याबरोबर लोखंडी गाड्या होत्या आणि गाड्यांसाठी रस्ता हवा होता. तो दलदलीतून बांधत बसताना सैनिक तापाने कोसळू लागले. लढाईत मेले पंचवीसच्या आसपास, रोगाने पाच हजारांहून अधिक. शेवटी सेनापती द्युशेन गाड्यांचा नाद सोडून हलकी तुकडी घेऊन डोंगर चढला आणि ३० सप्टेंबर १८९५ला तानाने शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी बेट फ्रान्सची वसाहत झालं. शेवटची राणी तिसरी रानावालोना हिला १८९७ साली रियुनियनला आणि मग अल्जियर्सला धाडलं. ती परत आली नाही, १९१७ साली तिकडेच वारली.

फ्रेंचांनी वाटा काढल्या त्या माल बंदरात पोचावा म्हणून. ताना ते पूर्व किनाऱ्यावरचं तोआमासिना बंदर ही रेल्वे १९१३ साली पुरी झाली. पठारावरच्या फिआनारान्त्सोआ शहराहून पूर्व किनाऱ्याला उतरणारी १६३ किलोमीटरची लाईन १९२६ ते १९३६ या काळात बांधली गेली. ४८ बोगदे, ६७ पूल. बोरघाटातले बोगदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे काम काय असेल याची कल्पना येईल. ते वेठीच्या मजुरांनी केलं. सैन्यात भरती झालेल्या तरुणांना बंदुकीऐवजी कुदळ देऊन सार्वजनिक कामांवर जुंपायची पद्धत १९२६ सालीच सुरू झाली होती. १९४७च्या २९ मार्चला या बेटावर मोठा उठाव झाला, त्यामागे हा रागही होता. हजारो माणसं मारली गेली. स्वातंत्र्य आलं २६ जून १९६० रोजी.

मधल्या काळात हे बेट पुन्हा एकदा भारताच्या वाटेवर आलं होतं. १९४२च्या मे महिन्यात ब्रिटिशांनी उत्तर टोकाचं दिएगो सुआरेझ बंदर घेतलं. जपानी आरमार तिथे आलं तर भारताकडे येणारा मार्ग तुटेल ही भीती होती, आणि ती पोकळ नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस जपानी छोट्या पाणबुडीने 'रॅमिलीझ' या ब्रिटिश युद्धनौकेला तिथेच पाणतीर मारला.

आज जायचं असेल तर हे ध्यानात ठेवावं : ऋतू उलटे आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे, प्रवासाला बरे. जुलैत तानाला रात्री चांगली थंडी असते, स्वेटर लागतो. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, तेव्हा पूर्व किनारा टाळावा. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. चलन आरियारी, पण खेड्यापाड्यांतल्या बाजारात अजूनही कोणी जुन्या फ्रँकमध्ये भाव सांगतं. पाच फ्रँकचा एक आरियारी, तेव्हा भाव ऐकून घाबरण्याआधी कुठला हिशेब चालला आहे ते विचारावं. गावोगावी 'फादी', म्हणजे पाळायचे निषेध, वेगवेगळे असतात. कुठे डुकराचं मांस वर्ज्य, कुठे थडग्याकडे बोट दाखवणं वर्ज्य. गावात शिरताना विचारून घेणं हीच रीत. जंगलं वेगाने घटत आहेत, आणि पावसाळ्यात बेत्सिबोका नदी लाल माती समुद्रात ओतते ती अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांतही दिसते. ते चित्र पाहून मन कष्टी होतं.

टॅक्सी-ब्रूस म्हणजे आपली वडाप. भरल्याशिवाय सुटत नाही, टपावर कोंबड्यांच्या टोपल्या आणि तांदळाची पोती. आणि फिआनारान्त्सोआची ती वेठीच्या मजुरांनी बांधलेली लाईन? वादळांनी तिचे रूळ वारंवार उखडतात, गाडी कधी चालते, कधी आठवडेच्या आठवडे बंद असते. तिच्यावरच्या अनेक गावांना मोटाररस्ता आजही नाही. गाडी आली की फलाटावर केळ्यांचे घड रचलेले असतात.